सेवापुस्तकाचं पहिलं पान भरून घेणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या आस्थापना विभागात तुम्ही बसता, म्हणून केगावला नव्यानं रुजू होणाऱ्यांचे पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतात. त्याबद्दल आम्हा सगळ्यांचे आभार.

रुजू अहवालात तारखेपुढे ‘म.पू.’, म्हणजे मध्यान्हपूर्व, लिहिलंय का, हे तुम्ही आधी बघता. दुपारनंतर हजर झालेल्याचं वेतन दुसऱ्या दिवसापासून धरतात. तारीख जुलैतली असेल तर हिशेब आणखी बदलतो. 2 जानेवारी ते 1 जुलैदरम्यान आलेल्याला पहिली वेतनवाढ येत्या 1 जानेवारीला मिळते, 2 जुलैला आलेल्याला थेट पुढल्या वर्षीच्या 1 जुलैला. एका दिवसानं सहा महिने! म्हणून ‘सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच सोलापुरात या’ असं तुम्ही फोनवर बजावता.

सेवापुस्तकाचं, म्हणजे नोकरीभराच्या नोंदींच्या वहीचं, पहिलं पान मात्र तुम्ही कुणालाच घाईत भरू देत नाही. दहावीचं प्रमाणपत्र शेजारी उघडून ठेवायचं. जन्मतारीख आधी अंकात, मग अक्षरात. ओळखीची खूण, उंची, बोटांचे ठसे. चुकलं तर पांढरी शाई लावायची नाही. एक आडवी रेघ, वर बरोबर नोंद आणि अधिकाऱ्यांची सही. शेवटी ज्याचं पुस्तक त्यानंच मोठ्यानं वाचायचं. ऐकायला शाळेसारखं वाटतं खरं. पण जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आतच करता येतो, आणि बहुतेक जण पुस्तक उघडून बघतात ते निवृत्ती तोंडावर आल्यावर.

नावांचा घोळ आपल्याकडे जरा जास्तच. मराठी, तेलुगू, कन्नड आडनावं आणि एकाच आडनावाची आधारवर एक, पॅनवर दुसरी, बँकेत तिसरी स्पेलिंग. तिथं ‘प्रान’, म्हणजे निवृत्तिवेतन खात्याचा क्रमांक, अडतो. मग मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या 10 टक्के ही आपली कपात आणि शासनाचा 14 टक्के हिस्सा वेळेवर खात्यात पडत नाही. पदवीवर नुसतं ‘सोलापूर विद्यापीठ’ असेल तर घाबरायचं नाही, 2019 च्या नामविस्ताराआधीची पदवी तशीच असते, हेही तुम्हीच सांगता.

दुसरीकडची नोकरी सोडून आलेल्यांकडून कार्यमुक्ती आदेश आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र तुम्ही पहिल्याच दिवशी मागता. अर्ज योग्य मार्गानं, म्हणजे आधीच्या कार्यालयामार्फत, केला होता का, हेही विचारता, नाहीतर मागची सेवा जोडून घेताना नाकी नऊ येतात. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, वैद्यकीय दाखला, जात वैधता, हे ओघानं होतंच.

पीएच.डी. मार्गदर्शक मान्यता तुमच्या टेबलाचं काम नव्हे. तरी नव्या सहायक प्राध्यापकाला तुम्ही सांगून ठेवता, की 2022 च्या यूजीसी नियमांनुसार त्याला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ.

खरं तर हे सगळं नियुक्ती आदेशासोबतच एका पानावर छापून यायला हवं. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हस्ताक्षरातल्या यादीच्या झेरॉक्स आम्ही न विचारता वाटतोय. एकच बदल केलाय: ‘फोटो 6’ च्या जागी ‘फोटो 8’. सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीला दरवेळी कमी पडतात.

आपले,
नव्यानं रुजू झालेले