स्वित्झर्लंडहून आबांना पत्र (ऑक्टोबर २०२५): मोलिसची कुस्ती, इथलं मतदान आणि दादाच्या पैशांचं

ती. आबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

(हे वर लिहिलं नाही तर आबा पुढचं ऐकणारच नाहीत म्हणून लिहिलं. पिंटू, तू हे मोठ्यानं वाच आणि मधली वाक्यं गाळू नकोस, मला वहिनीकडून कळतं.)

मी एकदम मजेत आहे. जेवते, झोपते, ऑफिसचं ठीक चाललंय, ते सगळं तुम्हाला पाठ आहे तर परत लिहीत नाही. सर्दी झाली होती ती गेली. फोनवर आवाज बसलेला वाटला तो सर्दीचा होता, रडण्याचा नव्हता, आईनं उगाच मावशीला फोन करून सांगायची काही गरज नव्हती.

आता आबांचे प्रश्न. ट्रम्पनं स्वित्झर्लंडवर ३९ टक्के टॅरिफ लावला म्हणून माझी नोकरी जाणार का, तर नाही. मग भारतावर तर ५० लावलाय, त्या हिशोबानं दादाची आधी जायला पाहिजे, आणि दादाला नोकरीच नाही (दादा, चेष्टा). घड्याळं, मशिनरी विकणाऱ्या कंपन्यांना टेन्शन आहे हे खरं, कँटीनमध्ये रोज तेच बोलणं असतं, पण आमच्या लॅबमध्ये सध्या तरी काही नाही. असतं तर सांगितलं असतं. म्हणजे लगेच नसतं सांगितलं, पण सांगितलं असतं.

दुसरं ते यूट्यूबवालं, "स्वित्झर्लंड परदेशी लोकांना हाकलून देणार." आबा, तो माणूस किंचाळतो म्हणजे खरं बोलतो असं नसतं. खरं काय आहे ते सांगते, पण त्याच्यासाठी इथलं मतदान समजून घ्यावं लागेल आणि ते जरा लांबण लागणार आहे, चहा ठेवायला सांगा.

इथं सरकार निवडून दिलं की काम संपत नाही. वर्षातून तीन-चार वेळा प्रत्येक घरी पोस्टानं एक लिफाफा येतो, त्यात मतपत्रिका आणि एक छोटं लाल पुस्तक, त्यात सरकारचं म्हणणं काय आणि विरोधकांचं म्हणणं काय दोन्ही छापलेलं. सरकारच्या खर्चानं विरोधकांचं म्हणणं! लोक ते घरी बसून वाचतात, हो किंवा नाही लिहितात आणि पोस्टात टाकतात. बूथवर जाणारे थोडेच. आणि विषय कसले तर कसलेही. घटनेत बदल पाहिजे असेल तर अठरा महिन्यांत एक लाख सह्या गोळा करा की अख्ख्या देशाला त्यावर मत द्यावं लागतं. एका डोंगरातल्या शेतकऱ्यानं गायींची शिंगं काढू नयेत, शिंगं ठेवणाऱ्यांना अनुदान द्यावं म्हणून एवढ्या सह्या जमवल्या आणि २०१८ ला देशानं गायीच्या शिंगांवर मतदान केलं. पडलं ते, पण ४५ टक्के लोक त्याच्या बाजूनं होते. सुट्ट्या सहा आठवडे कराव्यात का म्हणून २०१२ ला विचारलं तर लोकांनी नको म्हणून सांगितलं. सुट्टी नको! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं भाषा कळण्यात गडबड झाली.

मला हे सगळं वाचून आपली माधुरी आठवली. नांदणी मठाच्या त्या हत्तिणीला अंबानींच्या वनताराला नेलं, तर ती परत यावी म्हणून कोल्हापुरात दोन लाखांच्या वर सह्या झाल्या, अख्खा जिल्हा रस्त्यावर आला, तुम्ही जिओचं कार्ड बदललं (आणि आठवडाभर तुमचा फोन लागेना, त्याचा त्रास मला झाला). एवढ्या सह्या इथं दोनदा मतदान घ्यायला पुरल्या असत्या. पण एक सांगू, रागावू नका, मला अजूनही कळत नाही की कोर्टाचं चुकलं की नाही. हायकोर्टानं सांगितलं, सुप्रीम कोर्टानं कायम ठेवलं, तिच्या पायांचे रिपोर्ट होते. तुम्ही म्हणाल इथं राहून अक्कल शिकवते. माधुरी परत यावी असं मलाही वाटतं, फक्त नांदणीत तिच्या तब्येतीचं बघणारं कुणीतरी पाहिजे एवढंच. असो, यावर फोनवर भांडू.

परवा २८ सप्टेंबरला मतदान झालं त्यातला एक विषय तर आबांसाठीच होता. इथं तुम्ही स्वतःच्या घरात राहत असाल तर हे घर भाड्यानं दिलं असतं तर किती मिळालं असतं असा आकडा धरतात आणि ते न मिळालेलं भाडं तुमच्या उत्पन्नात धरून टॅक्स लावतात! खालच्या मजल्यावरच्या आजीनं मला हे तिच्या स्वयंपाकघरात बसवून कागदावर काढून दाखवलं, तरी मला वाटलं ती गंमत करतेय. ते बंद करायचं की नाही यावर मतदान होतं आणि जवळजवळ ५८ टक्क्यांनी बंद करायचं ठरलं. दुसरा विषय मोबाइलमधल्या सरकारी ओळखपत्राचा. आपल्याकडं आधार केव्हाच गळ्यात पडलं, विचारलं कुणी? इथं २०२१ ला लोकांनी ते पाडलं होतं कारण ते खाजगी कंपन्या देणार होत्या, मग सरकारनं आम्हीच देतो म्हणून परत आणलं, आणि आता ५०.४ टक्क्यांवर कसंबसं पास झालं. आजी "नाही"वाली. हरली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर खांदे उडवून म्हणाली बरं, मग आता ते येणार, आणि मला सफरचंदं दिली. गुलाल नाही, डॉल्बी नाही. मला तर जरा अळणीच वाटलं.

तर आता ते हाकलून देण्याचं. इथल्या एका मोठ्या पक्षानं सह्या जमवून मागणी केलीय की २०५० पर्यंत लोकसंख्या एक कोटीच्या वर जाऊ द्यायची नाही, आत्ता ती ९० लाखांच्या वर आहे. त्यावर मतदान व्हायचंय, पुढच्या वर्षी होईल असं म्हणतात. सरकारनं लोकांना नाही म्हणा असं सांगितलंय. पास झालं तरी उद्या माझं परमिट कुणी फाडत नाही. मला भीती वाटत नाही. पोस्टर बघितलं की थोडं वाटतं, ट्रामच्या स्टॉपवर असतात, मग ट्राम येते.

आणि त्यात मला मत नाही बरं का. टॅक्स मी भरते, मत आजीचं. भारतात माझं नाव यादीत आहे तर बूथवर स्वतः उभं राहायला पाहिजे, इथून देता येत नाही. म्हणजे सध्या मी दोन्हीकडून बघ्याच्या रांगेत.

आई, तू म्हणतेस तिकडं बायकांना केवढा मान. देशाच्या निवडणुकीत बायकांना मत मिळालं १९७१ ला. आपली पणजी १९५२ ला मत टाकून आली होती म्हणतात! अपेनझेल इनररोडेन नावाच्या एका जिल्ह्यात तर तिथल्या मतदानासाठी गावातल्या बाप्यांनी हात वर करून बायकांना नको म्हणून सारखं सांगितलं, शेवटी १९९० ला कोर्टानं कान धरला तेव्हा मिळालं. त्यामुळं हात वर केला म्हणजे शहाणपणच असतं असंही नाही.

आता आबा, कुस्ती. एवढा वेळ त्याच्यासाठीच थांबला असाल.

ऑगस्टच्या शेवटी इथं ग्लारुस जिल्ह्यात मोलिस नावाच्या गावात यांचं देशाचं कुस्ती मैदान झालं, तीन वर्षांतून एकदा असतं. श्विंगेन म्हणतात. साडेछप्पन हजार माणसांची गोल गॅलरी, फक्त त्या तीन दिवसांसाठी बांधलेली, मागं सरळ उभे डोंगर. मला आतलं तिकीट कुठलं मिळतंय, ती जास्त करून तालमींच्या मंडळांना जातात, पण बाहेर मोठे पडदे लावले होते तिथं गवतात बसून बघितलं, ऑफिसातली दोघं होती. लाल मातीच्या जागी लाकडाचा भुसा. लंगोट नाही, पँटवर तागाची जाड चड्डी घालतात आणि एकमेकांच्या त्या चड्डीला धरूनच खेळायचं, एक हात तरी पकडीत राहिला पाहिजे. पाठ टेकली की निकाल. गुण पंच देतात, झकास चितपटीला दहा. बक्षिसाला रोख पैसे नाहीत, पहिल्याला बैल! या वेळच्या बैलाचं नाव झीबू, राज्याभिषेक असल्यासारखा फिरवतात त्याला. बहुतेक जण बैल घरी न नेता त्याची किंमत घेतात म्हणे, पण फोटो बैलाबरोबर.

आणि मैदानात जाहिरातीचा एक बोर्ड नाही. खासबागेत मैदान असलं की आमदारांचे फ्लेक्स आठवा.

खेळ मला तुमच्या ओरडण्याशिवाय फिका वाटला हे खरं, पण एक दोन डाव असे बघितले की उभी राहिले. एकानं समोरच्याला कमरेवर घेतला तो अगदी आपल्या ढाकेसारखा, मी "आला आला" म्हणून मराठीत ओरडले, शेजारच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं आणि बिअर वर केली. फायनल मात्र बरोबरीत सुटली, गिगर आणि श्लेगेल, दोघंही एकमेकांना बसेनात, आणि राजा कोण झाला तर फायनलला नसलेला तिसराच, आर्मोन ऑर्लिक, गुणांवर. हाच माणूस २०१६ च्या फायनलला हरलेला. आता सांगा, आपल्याकडं असं झालं असतं तर? पंचांच्या गाड्या गावाबाहेर गेल्या असत्या का? इथंही बोंब होतेच, कुणाची जोड कुणाशी लावायची ते पंचांची कमिटी ठरवते आणि त्यावर लोक बारमध्ये तावातावानं भांडतात, पेपरात येतं. पण ते तिथंच. कुस्ती संपली की जिंकलेला हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा हातानं झाडतो. प्रत्येक वेळी. राग आला असला तरी झाडायचाच.

म्हणून मला अहिल्यानगरची महाराष्ट्र केसरी आठवत राहिली. आबा, तुमचं आजही म्हणणं आहे की शिवराज राक्षेला पंचांनी हरलेला ठरवलं पण त्याचे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. नसतील टेकले. व्हिडिओ मीही मागंपुढं करून बघितलाय, मला ठरवता येत नाही. पण पंचाला लाथ? तीन वर्षांची बंदी तुम्हाला जास्त वाटते, मला नाही वाटत. आणि रिव्ह्यू नीट दाखवला असता तर हे घडलंच नसतं हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य, तालमीत पोरगं दहा वर्षं घाम गाळतं आणि निकाल दोन सेकंदांत. दादा म्हणतो यात राजकारण आहे. दादाला पावसातपण राजकारण दिसतं.

त्याच ग्लारुसमध्ये मे महिन्यात मी त्यांची ग्रामसभा बघायला गेले होते, ग्रामसभा म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची, उघड्या मैदानात. तिथल्या सोळा वर्षांच्या वरच्या कुठल्याही नागरिकाला मत. कुणीही स्टेजवर जाऊन बोलतं, मग सगळे रंगीत कार्ड वर करतात आणि अध्यक्ष नुसतं नजरेनं अंदाज घेऊन सांगतो हे जास्त, ते कमी. मोजणी नाही! २००६ ला असंच कार्ड वर करून त्यांनी २५ गावांच्या तीन ग्रामपंचायती करून टाकल्या. आपल्याकडं दोन वाड्यांची एक ग्रामपंचायत करून दाखवा कुणी.

आणि आपली जिल्हा परिषद, साडेतीन वर्षं प्रशासक. आता सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारीची मुदत दिलीय तर दादा उभं राहायचं म्हणतोय. दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. आरक्षणाची सोडत अजून निघाली नाही, तुझा गट कुणाला सुटतोय माहीत नाही, आणि तू जेवणावळी सुरू केल्यास असं वहिनीनं सांगितलं (वहिनी, सॉरी). निवडणुकीला माझ्याकडून पैसे नाहीत. कंजूषपणा नाही हा. मी पाठवले तर ते कोंबड्यांवर आणि पोरांच्या पेट्रोलवर जाणार हे तुलाही माहीत आहे. तू निवडून आलास तर मला आनंदच आहे, पण तेवढ्यासाठी नाही.

आबांच्या गुडघ्याचे पैसे शुक्रवारी टाकलेत, सोमवारपर्यंत जमा होतील, ते फक्त गुडघ्याचे. त्यातले बांधाच्या केसला वापरायचे नाहीत. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, मुंबईचं जाणंयेणं आणि लॉजचं भाडं वाचलं, वकिलांना सांगा फी पण तेवढी कमी करा.

दिवाळीला येत नाहीये. तिकिटं महाग आहेत हे एक, आणि सुट्टी फेब्रुवारीला टाकलीय, ऑपरेशननंतर चालायला लावायचं काम तेव्हा असेल ना, तेव्हा मी उपयोगी पडेन, आधी येऊन नुसती दवाखान्याच्या बाकावर बसणार. असं मी ऑफिसात पण सगळ्यांना सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी फोन चालू ठेवा, मी रात्रभर जागी आहे.

आई, सांगलीचं स्थळ. फोटो बघितला, चांगला आहे. पत्रिका तू आधीच दाखवून आलीस हे मला नंतर कळलं, त्यावर मी काही बोलत नाही. त्याचा नंबर दे, मी स्वतः बोलते, पुण्यात राहणार की इकडं येणार हे त्याला मी विचारणार, त्याच्या काकांना नाही. तोपर्यंत साखरपुड्याची तारीख, हॉल, आचारी काही काही ठरवायचं नाही. नाही म्हटलं तर तुझं तोंड पडेल हे माहीत आहे मला. हो पण म्हणेन कदाचित, बोलून तर बघू दे.

चटणी संपत आलीय, ऑफिसातल्या एकाचा भाऊ नोव्हेंबरमध्ये पुण्याहून येतोय, त्याच्याकडं किलोभर पोचेल असं बघ. जास्त नको, तो लाजरा आहे.

पिंटू, वाचून झालं की डॉक्टरांनी कुठली तारीख दिली ते मला लगेच टाइप कर. आणि दादा आत्ता तिथं नसेल तर तो आल्यावर पैशाचा पॅरेग्राफ परत वाच.

तुमची,
ताई