ताप असलेल्या घरी चाचणीचे किट विनामूल्य पोहोचावे : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

कोविड किंवा इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूची लाट आली असता घरच्या घरी करता येणारे चाचणी-किट शासनाने लोकांना विनामूल्य द्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लाट नसताना हा विषय काढल्याचे आपणांस नवल वाटेल. परंतु लाट आल्यावर खरेदीची घाई होते, घाईत दर चढतात, आणि माल येईतो लाट ओसरलेली असते. असे निर्णय निवांत काळातच व्हायला हवेत. मी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात औषधांचे दुकान चालवणारा नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. किटच्या विक्रीतून मलाही चार पैसे सुटतात, तेव्हा माझी मागणी मान्य झाली तर त्यात माझा थोडा तोटाच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

भारतातल्या पहिल्या घरगुती कोविड चाचणीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि ती चाचणी आपल्याच पुण्यातल्या मायलॅब कंपनीची होती. नाकातला स्राव स्वतःच घ्यायचा, पट्टीवर थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटांत निकाल पाहायचा, अशी ती सोपी रीत होती. आयसीएमआरने सोबत घातलेले नियमही शहाणपणाचे होते : लक्षणे असलेल्यांनी किंवा बाधिताच्या निकट संपर्कात आलेल्यांनीच चाचणी करावी, निकाल पॉझिटिव्ह आला तर तो खरा मानावा, पुन्हा तपासणीची गरज नाही, लक्षणे असूनही निगेटिव्ह आला तर प्रयोगशाळेतली अधिक अचूक आरटी-पीसीआर चाचणी करून घ्यावी. या सगळ्यात अडचण एकच होती, ती म्हणजे किटवर छापलेली अडीचशे रुपयांची किंमत. त्याच सुमारास राज्य शासनाने प्रयोगशाळेत जाऊन केलेल्या अँटिजेन चाचणीचा दर दीडशे रुपयांवर बांधून दिला होता. म्हणजे ज्याने इतरांत न मिसळता घरीच थांबावे अशी आपली अपेक्षा होती, त्याला गर्दीत जाणाऱ्यापेक्षा शंभर रुपये जास्त मोजावे लागत होते. आरटी-पीसीआरचा दर राज्याने टप्प्याटप्प्याने साडेचार हजारांवरून साडेतीनशेपर्यंत खाली आणला, हे मोठे काम होते. घरगुती किटकडे मात्र तसे लक्ष गेले नाही.

दुकानाच्या काउंटरवरून जे दिसले ते सांगतो. किट घेणाऱ्यांत नोकरदार, शिक्षक, बागायतदार, परगावी मुले असलेले आईवडील असे लोक होते, आणि ते एकदम दोन-तीन किट नेत. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारी, एका खोलीत चार-पाच जण राहणारी मुले किंमत विचारत आणि पॅरासिटामॉलची पट्टी घेऊन जात. ज्याला वेगळी खोली आहे त्याच्या हाती चाचणी आली आणि ज्याच्यापासून सर्वांत जास्त लोकांना लागण होऊ शकते त्याच्या हाती ती आली नाही. साथरोगाच्या दृष्टीने याहून उलटी वाटणी मला सुचत नाही.

किंमत लावली की लोक मागे सरतात, हा केवळ माझ्या दुकानाचा अनुभव नाही. कोविड लशीचा प्रिकॉशन डोस, म्हणजे दोन डोसनंतरचा वाढीव डोस, १० एप्रिल २०२२ पासून १८ ते ५९ वयोगटाला खासगी केंद्रांवर विकत मिळू लागला. लशीचे २२५ रुपये आणि वर जास्तीत जास्त दीडशे रुपये सेवाशुल्क, असा तो हिशेब होता. पात्र लोकांपैकी फारच थोडे पुढे आले. मग १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस तोच डोस सरकारी केंद्रांवर विनामूल्य झाला आणि कित्येक कोटी लोकांनी तो घेतला. लस तीच होती, लोकही तेच होते. फक्त खिशात हात घालायची वेळ टळली. लशीच्या बाबतीत जे घडले ते चाचणीच्या बाबतीत घडणार नाही, असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

सरकारी रुग्णालयात चाचणी विनामूल्यच आहे, असे उत्तर यावर मिळू शकते, आणि ते खरेही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत सर्व तपासण्या आणि उपचार विनामूल्य झाले, याबद्दल शासनाचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु तापाने फणफणलेल्या माणसाने एसटीने ग्रामीण रुग्णालयात जायचे, केसपेपर काढून रांगेत उभे राहायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, याचा खर्च अडीचशे रुपयांहून अधिक होतो. शिवाय त्या रांगेत खोकणाऱ्यांबरोबर बीपीच्या गोळ्यांसाठी आलेले म्हातारे आणि गरोदर बायाही उभ्या असतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तेव्हा नायडू संसर्गजन्य रोग रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा पुणेकर विसरलेले नाहीत. इन्फ्लुएन्झावरचे ऑसेल्टामिवीर हे औषध लक्षणे दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो. कोविड आणि इन्फ्लुएन्झा दोन्ही एकाच वेळी तपासणारी घरगुती किट अमेरिकेत आणि युरोपात विकली जातात. आपण खरेदीचा विचार कराल तेव्हा केवळ कोविडपुरता न करता अशा किटचाही करावा.

इतरांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये एका वार्ताहराने घरगुती चाचण्या सर्वांना विनामूल्य का देत नाही, असे विचारले, तेव्हा व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी, मग काय प्रत्येक अमेरिकनाला एकेक पाठवायची का, असा प्रतिप्रश्न केला होता. पुढच्याच महिन्यात टपाल खाते प्रत्येक घरी चार किट पाठवू लागले. इंग्लंड याहून पुढे गेले. तिथे एप्रिल २०२१ पासून लक्षणे असोत-नसोत, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा विनामूल्य चाचणीची सोय होती, आणि चाचण्या व विलगीकरण यांवर एकट्या जानेवारी २०२२ मध्ये दोन अब्ज पौंड खर्च झाल्याचे पंतप्रधानांनीच संसदेत सांगितले. १ एप्रिल २०२२ पासून ती सोय बहुतेकांसाठी बंद झाली. ऑस्ट्रेलियाने मधला मार्ग काढला : सवलतीचे कार्ड असलेल्या पेन्शनर आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांना औषध दुकानातून तीन महिन्यांत दहा किटपर्यंत विनामूल्य, बाकीच्यांना विकत.

इंग्लंडचा कित्ता आपण गिरवावा असे मी म्हणत नाही, आणि त्याचे कारण केवळ पैसा नाही. अशा चाचणीने शंभर बाधितांपैकी किमान ८० ओळखावेत आणि शंभर निरोगी माणसांपैकी किमान ९७ जणांना निरोगी ठरवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे. साथ नसताना दहा हजार लोकांत समजा दहाच बाधित असतील, तर त्यांतले आठ सापडतील आणि तीनशे धडधाकट माणसे विनाकारण बाधित ठरतील. लाटेच्या काळात ताप-खोकला असलेल्या दहा हजारांत दोन हजार बाधित धरले, तर सोळाशे सापडतील आणि चुकीने बाधित ठरणारे अडीचशेच्या आत राहतील. (चारशे सुटतीलही, म्हणूनच निगेटिव्ह निकालानंतरचा आयसीएमआरचा नियम महत्त्वाचा.) तीच पट्टी एका वेळी घोटाळा करते आणि दुसऱ्या वेळी उपयोगी पडते. म्हणून माझी मागणी सरसकट नाही. जिल्ह्यात लाट जाहीर झाली की लक्षणे असलेल्यांना आणि बाधिताच्या घरच्यांना किट विनामूल्य मिळावे, एवढीच ती आहे.

ते पोहोचवायचे कसे, याचे उत्तर आपल्या विभागापाशी आधीपासून आहे. गरोदरपणाच्या तपासणीचे ‘निश्चय’ किट आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका, घरोघरी विनामूल्य देतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मलेरियाची झटपट चाचणी आशाच बोट टोचून करतात आणि गोळ्याही देतात. बाईला घरातल्या घरात, कुणाला न सांगता तपासणी करता यावी हा विचार ‘निश्चय’च्या वेळी आपल्या व्यवस्थेने मान्य केला, श्वसनाच्या विषाणूला तो लागू होऊ नये असे काही नाही. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत, आणि कोणत्या घरात कोण खोकतो आहे हे त्यांना आपल्या कोणत्याही पोर्टलच्या आधी कळते. मात्र हे काम त्यांच्यावर टाकताना मोबदल्याचा आकडा शासन निर्णयातच लिहिलेला असावा. जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, या बायकांना कोविडच्या कामाच्या मोबदल्यासाठी संपावर जावे लागले होते. शहरांत आशांची वीण विरळ आहे. तिथे महापालिका दवाखान्याच्या चिठ्ठीवर औषध दुकानातून किट देण्याची व्यवस्था करता येईल. आम्हा दुकानदारांना त्यासाठी नाममात्र हाताळणी खर्च मिळाला तरी पुरे.

खर्चाचा अंदाज छापील किमतीनेच मांडतो. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात सुमारे २ कोटी ३८ लाख कुटुंबे होती. प्रत्येक घरी दोन किट वाटायची म्हटली तर अडीचशेच्या दराने जवळपास १,१९० कोटी रुपये लागतील. लक्षणे असलेल्यांपुरती पन्नास लाख किट घेतली तर त्याच दराने १२५ कोटी. शासनाने मनावर घेतले तर दर किती उतरतात हे आरटी-पीसीआरने दाखवलेच आहे, तेव्हा प्रत्यक्ष आकडा बराच कमी असावा. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने आताच दरकरार करून ठेवावा आणि मागणीप्रमाणे माल उचलावा. आगाऊ साठा करू नये, कारण या पट्ट्यांना मुदत असते आणि त्या साधारणपणे तीस अंशांच्या आत ठेवाव्या लागतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या उपकेंद्रात ठेवलेल्या किटच्या निकालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

घरी केलेल्या चाचणीचे निकाल शासनाला कळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने त्यासाठी उत्पादक, वितरक आणि औषध दुकानदारांकडून विक्रीचा हिशेब मागितला होता. पण विकत घेतलेले किट कुणी वापरले, कधी वापरले, हे दुकानदाराला कसे कळावे? आशाने दिलेल्या किटचा निकाल ती दुसऱ्या दिवशी दारावरून विचारून नोंदवू शकते, त्यामुळे नोंदीच्या बाजूनेही विनामूल्य वाटपच सरस ठरते.

एक गोष्ट मात्र आपल्या एकट्या विभागाच्या हातात नाही. निकाल पॉझिटिव्ह आला की आठवडाभर मजुरी बुडणार असेल, तर फुकट मिळालेले किटही माणूस उघडणार नाही. राज्य कामगार विमा योजनेत विमेदार कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, पण त्यासाठी विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि घरच्या पट्टीवरून तो मिळत नाही. आशाने नोंदवलेला निकाल त्या दाखल्यासाठी ग्राह्य धरावा, असा प्रस्ताव आपण कामगार विभागामार्फत महामंडळाकडे पाठवावा. विमा नसलेल्या शेतमजुराचे काय, हा प्रश्न यानेही सुटत नाही, याची मला जाणीव आहे. निदान बाधिताच्या घरी आठवड्याचे जादा रेशन पोहोचवता येईल का, हे अन्न व नागरी पुरवठा विभागाला विचारून पाहावे.

दरकराराच्या अटींत आणखी एक अट घालावी, अशी विनंती आहे. आतापर्यंत माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक किटमधली माहितीपत्रिका बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेली असे, आणि नाकात किती आत काडी घालायची हे ग्राहक मलाच विचारत. पत्रिका मोठ्या अक्षरांत मराठीत असावी, नंदुरबार, मेळघाट आणि गडचिरोलीसाठी ती भिली, कोरकू आणि गोंडीतही छापावी, आणि प्रत्येक पायरीचे चित्र तिच्यात असावे. छपाईआधी ती दोन-चार आशांना दाखवून त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावी.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता
शिरूर, जि. पुणे