नमनाला घडाभर तेल, पण सुगंधी

महोदय,

अलीशेर नवाईंच्या काव्यांची प्रस्तावना वाचताना 'नमनालाच घडाभर तेल' ही म्हण आठवतेच. तरी पाने उलटायची घाई करू नये. १४८३ ते १४८५ या काळात त्यांनी चगताई तुर्कीत, म्हणजे जुन्या उझबेकमध्ये, पाच दीर्घकाव्ये रचली. पहिल्या 'हैरतुल अबरार'च्या सुरुवातीलाच 'बिस्मिल्ला' म्हणजे दोऱ्यात ओवलेले अनमोल मोती! मग ईश्वरस्तुती, आळवणी, पैगंबरांचे गुणगान. नंतर पूर्वसुरींना वंदन: गंजाचे निझामी, हेरातचे जामी आणि चक्क आपल्या दिल्लीचे अमीर खुस्रो. फारसीने मळलेल्या वाटेवर मायबोलीतून चालायला निघालेला कवी थोरांची परवानगीच मागतोय जणू. खुस्रोंचे नाव दिसले आणि मी मागची पाने पुन्हा वाचायला घेतली.

– एक वाचक, पुणे