तीस स्क्रीन कशाला, एक पुरते की

मा. संपादक,

तुमच्या करिअरच्या पानावर यूआय डिझाइनच्या, म्हणजे अॅपच्या स्क्रीन डिझाइन करायला शिकवणाऱ्या, क्लासेसबद्दल आलं ते वाचलं, त्यात रंग, फॉन्ट, पोर्टफोलिओ सगळं होतं पण व्हेरिएबलचं, म्हणजे बदलणारी व्हॅल्यू लक्षात ठेवणाऱ्या डब्याचं, नावच नाही, म्हणून हे लिहितोय. मी कळव्याचा. ठाण्यात स्टेशनजवळच्या एका क्लासला चांगली फी भरून सहा महिने गेलो आणि शिकवलं काय, तर प्रत्येक बदलाला नवी फ्रेम, म्हणजे नवी स्क्रीन, काढा नि कुठलं बटण दाबलं की कुठे जायचं त्याचा बाण जोडा.

माझा सरावाचा प्रोजेक्ट होता मामलेदार मिसळ मागवायचं अ‍ॅप. प्लेट १ ते ५, तिखट कमी-मिडियम-जास्त, पार्सल हो किंवा नाही, झाल्या ना ३० फ्रेम! बाणांचा असा गुंता झाला की तीन प्लेट जास्त तिखट दाबलं की भलतंच काहीतरी उघडायचं, आणि सर म्हणाले छान आहे.

नोकरी लागल्यावर सिनियर ताईने तेच एका स्क्रीनवर करून दाखवलं. फिग्मात, म्हणजे स्क्रीन डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्लेटसाठी नंबर व्हेरिएबल, सुरुवातीला १, तिखटासाठी स्ट्रिंग (म्हणजे शब्द), पार्सलसाठी बूलियन (म्हणजे हो किंवा नाही). प्लसच्या बटणावर 'सेट व्हेरिएबल', प्लेट = प्लेट + १, आणि कंडिशन की ५ पेक्षा कमी असेल तरच वाढव. आकड्याचा टेक्स्ट व्हेरिएबलला जोडला की झालं, तो आपोआप बदलतो. फिग्मात हे जून २०२३ पासून आहे, अ‍ॅक्शर नावाच्या तशाच सॉफ्टवेअरमध्ये तर त्याच्याही बऱ्याच आधीपासून, मग क्लासवाल्यांना अजून पत्ता नाही असं कसं?

एक गोष्ट मात्र ठेच लागूनच कळली. ही व्हॅल्यू प्रोटोटाइप (बटणं दाबून बघायचा नमुना) चालू आहे तोवरच राहते, मूळ फाइलमध्ये १ चा १ च असतो, पण चालू असताना तुम्ही मागेपुढे किती स्क्रीन फिरलात तरी ती पुसली जात नाही. मी आधी ऑफिसात मित्राला खेळायला दिलं आणि रीस्टार्ट न करता तसंच क्लायंट काकांपुढे ठेवलं, ते बघतात तर आधीच ४ प्लेट, वर पार्सल! "अहो, हे मागवलं कोणी?" आता कुणाच्या हातात द्यायच्या आधी रीस्टार्टसाठी कीबोर्डवरचं आर दाबतोच दाबतो.

तेव्हा एवढं छापाच, की डेमो लेक्चरला गेलात तर सरांना प्लस-मायनसचं बटण एकाच फ्रेममध्ये चालवून दाखवायला सांगा, आणि मगच फी भरा.

आपला,
एक वाचक, कळवा (ठाणे)