दाखला हातात देण्याआधी : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २६ जूनला शाळांत व्यसनविरोधी शपथ होते, प्रभातफेरी निघते, फोटो वर पाठवले जातात. होऊ द्या. पण मुलाला पहिली पुडी ज्यांच्याकडून मिळते ती माणसे त्या रांगेत नसतात.

अनेकदा ती घरचीच असतात. मिश्री आजीच्या डबीतली; "जा रे, टपरीवरून पुडी आण" म्हणणारे वडीलच. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे पालकसभेत कोणी सांगत नाही.

व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्युशन हुंगायला मात्र बहुधा मित्रच शिकवतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालात प्रौढांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकमेव नशा : १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८. खुणा साध्या आहेत. बाहीवर पांढरे डाग, कडक झालेला रुमाल, तोंडाभोवती पुरळ, थिनरचा वास.

असा मुलगा सापडला की शिक्षक ओरडत मागे धावतात. नेमके हेच करू नये. या वाफांनी हृदय आधीच बिथरलेले असते. तो दचकला, पळाला, तर ठोके विस्कटून जागीच कोसळू शकतो. शांतपणे बाटली काढून घ्यावी, मोकळ्या हवेत बसवावे, एकटे सोडू नये. शुद्ध हरपली पण श्वास चालू असला, तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

मग शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला जातो. म्हणजे नशा न करणारे मित्र तुटले आणि कट्ट्यावरचे तेवढे उरले! दुसरी चूक म्हणजे पकडलेल्या सगळ्यांना एकत्र बसवून समुपदेशन. तिथे फुशारक्या रंगतात, नवखा मुरलेल्याकडून शिकतो. प्रत्येकाशी वेगळे बोलावे.

म्हणून शासन निर्णयात एवढे घाला : नशेपायी दाखला नाही. मित्राबद्दल सांगायला आलेल्या मुलाची चौकशी नाही, नाव गुप्त. पालकसभा रविवारी, म्हणजे वडीलही येतील. त्यात आरडाओरड न करता "कुठे, कोणाबरोबर, पैसे किती" हे रोज कसे विचारायचे ते करून दाखवावे. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक प्रगतिपुस्तकावर, पालकांच्या सहीशेजारी छापा.

आपले,
किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे समुपदेशक