बाई, शनिवारच्या शब्दासाठी

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

तुम्ही पुण्याला लेकीकडे राहायला गेलात, त्यानंतर इथे एक पावसाळा सरला. निघताना तुमचे आभार मानायचे राहून गेले. खरं तर तोंडावर कुणी आभार मानू लागलं की तुम्ही ‘पुरे, चहा निवतोय’ म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमच्या ओटीवर दर शनिवारी संध्याकाळी काय चालायचं, हे चिपळुणात मोजक्याच माणसांना ठाऊक आहे. ते बाहेरही कळावं आणि कुणाला आपल्या गावात तसंच काही सुरू करावंसं वाटावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी एसटीत वाहक आहे. चिपळूण-गुहागर ही माझी नेहमीची फेरी. रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी करत गाडी समुद्राच्या अंगाला उतरते आणि तशीच परत येते. 2013च्या जानेवारीत आमच्या गावात साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी नोकरीत नवीन होते. स्टॅण्डवर उतरणारी माणसं, त्यांच्या खांद्यावरच्या शबनम, हातातली पुस्तकं मी पाहिली, त्यांना तिकिटं दिली. लिहिणं ही त्या माणसांची गोष्ट, आपलं काम त्यांना सुखरूप पोचवण्याचं, असं तेव्हा मनात पक्कं होतं. त्यात वाईट वाटण्यासारखंही काही नव्हतं.

तुम्ही मार्गताम्हान्याला चढायचात. एका दुपारी तुम्हाला द्यायला सुट्टे नव्हते, म्हणून नेहमीप्रमाणे मी तिकिटाच्या मागे बाकी लिहून दिली. तुम्ही ते तिकीट उलटून पाहिलंत आणि विचारलंत, “दिवसाला अशी किती लिहितेस?” मी म्हटलं, “मोजलं नाही कधी.” तुम्ही म्हणालात, “म्हणजे तू रोज लिहितेस. शनिवारी ओटीवर ये, आणखी थोडं लिहू.” नोकरीत इतकी माणसं माझ्याशी बोलली असतील, पण माझ्या हातातल्या पेनाकडे कुणी बघितलं नव्हतं.

तुमची पद्धत मला इथे नीट लिहायची आहे, कारण ती कुणालाही उचलता येईल. चौकटीला टांगलेल्या पाटीवर तुम्ही खडूनं एक शब्द लिहायचात. सुट्टे. किल्ली. उरलेली भाजी. खिडकीची जागा. विसरलेली छत्री. तो शब्द आठवडाभर आमचा. पुढच्या शनिवारी प्रत्येकानं एकच पान लिहून आणायचं आणि मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी आधी आपल्या लक्षात राहिलेली ओळ सांगायची, मत मागाहून. ‘सुंदर’, ‘अविस्मरणीय’ आणि ‘हृदयस्पर्शी’ या तिघांना पानावर मज्जाव होता. तुमच्या हातात लाल पेन कधी दिसलं नाही. शिसपेन्सिलीनं समासात एखादा प्रश्न असायचा, इतकंच. माझ्या ‘सुट्टे’च्या पानावर तुम्ही विचारलं होतंत, “दहाच्या नोटा कुठल्या बोटांत? वीसच्या कुठल्या?”

त्या एका प्रश्नानं पान बदललं. नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात कशा धरायच्या, नाणी पिशवीच्या कुठल्या कप्प्यात, गर्दीत तोल सांभाळायला पाठ सीटच्या दांड्याला कशी टेकवायची, हे सगळं माझं अंग रोज करत होतं. ते सांगण्यासारखं आहे, हे तुमच्या पेन्सिलीनं कळलं. आता मशीनवर क्यूआर कोड आला आहे, फोनवरून पैसे येतात, तिकिटामागे बाकी लिहिणं कमी होत चाललंय. ते पान आज वाचलं की वाटतं, ते तेव्हा लिहून ठेवलं हे फार बरं झालं. आणखी काही वर्षांनी कुणी विचारलं, तर सांगायला माझ्याकडे कागद आहे.

आमच्या शाळेत निबंध म्हणजे ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्या पावसाळ्यातल्या दिवसात मोर नाचायचे, गरमागरम भजी असायची. आमच्या घरी पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर असायचा आणि आईला काजूच्या कारखान्यात जायचं असायचं. ती बोटांना राख लावून बिया फोडायची, तरी चिकानं बोटं काळी व्हायची आणि कातडी सोलून निघायची. निबंधाच्या विषयात माझी आई कुठे बसतच नव्हती. तुम्ही पाटीवर ‘बोटं’ लिहिलंत आणि ती बसली. ते पान मी आईला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तिनं त्यात एक दुरुस्ती सुचवली, राख कुठल्या लाकडाची ते. तिच्या कामाविषयी कुणी काही लिहावं आणि त्यातली चूक तिनं हक्कानं दाखवावी, ही आमच्या घरातली पहिलीच वेळ. विषय लहान दिला की माणसाचं आयुष्य त्यात मावतं, हे मला तुमच्याकडून मिळालं आणि मी त्यासाठीच तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे.

ड्युटीवर लिहिता येत नाही. हात मशीनवर, नजर दारावर, कान घंटीवर. मी तुम्हाला म्हटलं होतं, वेळच मिळत नाही. तेव्हा तुम्ही जात्यावरच्या ओव्यांचं सांगितलंत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि त्या रचणाऱ्या बायकांचे हात रचताना खुंट्यावरच होते. “हात गुंतलेले असले की डोकं मोकळं असतं,” असं म्हणून तुम्ही मला माझी फेरीच वाटून दिलीत. रामपूरपर्यंत पहिली ओळ, शृंगारतळीपर्यंत मधला भाग, गुहागरला गाडी लागली की शंभर पानी वहीत उतरवायचं. आजही मी असंच लिहिते. तोंडानं ‘पुढे सरका, पुढे सरका’ चालू असतं आणि आत एक वाक्य जागा शोधत असतं. ते वाक्य गुहागरपर्यंत टिकलं तर चांगलं, गळलं तर त्यात जीव नव्हता असं समजायचं, हेही तुमचंच.

17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या शनिवारी पाटीवर ‘अर्धं’ होतं. त्या आठवड्यात मी बायकांचे चेहरे बघत फिरले. एरवी लग्नकार्य किंवा दवाखाना असल्याशिवाय गाडीत न दिसणाऱ्या आज्या आडदिवशी बहिणीकडे निघाल्या होत्या. एकीनं नोट पुढे केली आणि म्हणाली, “अगो, शाळंत होतंय तवा अर्ध्यात जायची मामाकडं. आता परत अर्ध्यात.” मग सीटवर बसून तिनं पिशवीतनं आरसा काढला आणि केस सारखे केले. मी तेवढंच लिहिलं. वाचल्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. रिक्षावाल्या काकांनी लक्षात राहिलेली गोष्ट म्हणून ‘आरसा’ सांगितलं आणि तुम्ही मान हलवलीत.

आता पुराचं. हे लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

22 जुलै 2021. पहाटेपासून वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी गावात शिरत होतं. 2005च्या पुराच्या खुणा बाजारातल्या भिंतींवर होत्या, पाणी त्यांच्याही वर गेलं. आमच्या डेपोत गाड्या बुडाल्या. रोकड वाचवायला आमचे अधिकारी ती पिशवीत घेऊन तासन् तास एसटीच्या टपावर बसून राहिले, ते सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. माझी खोली वरच्या मजल्यावर, म्हणून मी वाचले. तुमचं घर खाली. पाणी उतरल्यावर आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा ओटीवर घोटाभर चिखल होता आणि तुम्ही पातेल्यानं तो बाहेर ओढत होतात. कुणी काही विचारायच्या आत तुम्ही पाटी धुतलीत. खडू भिजून लगदा झालेला, म्हणून चुलीतला कोळसा घेऊन चौकटीशेजारच्या भिंतीवर लिहिलंत, ‘वरची फळी’.

मला तेव्हा धक्काच बसला होता. लोकांच्या घरात धान्य नाही, अंथरूण नाही आणि बाई शब्द देतायत. पण पुढच्या शनिवारी सगळे आले. कुणाच्या हातात कॅलेंडरचं पान होतं, कुणाच्या हातात मदतीच्या खोक्याचा पुठ्ठा. पाणी चढताना आपण सगळ्यांत आधी काय उचलून वर ठेवलं, एवढंच प्रत्येकानं लिहिलं होतं. किराणा दुकानवाल्या काकांनी उधारीची वही उचलली होती, आणि ती वाचली म्हणून आता कुणाकडे पैसे मागायचे या विचारानं झोप येत नाही, असं लिहिलं होतं. कॉलेजातल्या मुलीनं दहावीचं सर्टिफिकेट आणि आजीची कवळी उचलली होती. आठवडाभर चिखल उपसून कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. त्या दिवशी एकेक पान वाचताना लोक रडले आणि वाचत राहिले. सरकारी पंचनाम्यात फ्रिज, गादी, शिलाई मशीन लिहिलं गेलं. उधारीची झोप आणि आजीची कवळी तुमच्या ओटीवर नोंदली गेली.

मग आम्ही विचारलं, बाई, तुम्ही काय उचललंत? तुम्ही वाचून दाखवलंत: गहू, औषधं, दोन मांजरी. आमच्या सगळ्यांच्या वह्या तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात होत्या, त्या भिजल्या होत्या. तुम्ही माफी वगैरे मागितली नाहीत, आणि मला ते फार आवडलं. “गहू परत लिहिता येत नाही, वह्या येतात,” म्हणालात. दोऱ्या बांधून आपण पानं वाळत घातली. बॉलपेननं लिहिलेलं बरंचसं टिकलं होतं, जेल पेनाचं सगळं वाहून निळे डाग उरले होते. जी पानं गेली ती आम्ही आठवून परत लिहिली. दुसऱ्या वेळी लिहिताना पहिल्यातली सजावट कुणालाच आठवत नव्हती, हाडं तेवढी आठवत होती. माझी ‘किल्ली’ आणि ‘छत्री’ ही दोन्ही पानं दुसऱ्या खेपेला जास्त चांगली झाली, असं मी आज ठामपणे म्हणते. तेव्हापासून ओटीवर जेल पेन कुणी आणत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आमचा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांविषयी मी फार लिहिणार नाही. घरात पगार नव्हता, स्टॅण्ड सुनासुना होता, माणसं एकमेकांना टाळत होती. मी शनिवारी यायची थांबले, तर तुम्ही रिक्षावाल्या काकांबरोबर चिठ्ठी पाठवायचात. चिठ्ठीत चौकशी नसायची, उपदेश नसायचा, त्या आठवड्याचा शब्द असायचा. बाई, त्या काळात कुणी मला ‘कसं चाललंय’ विचारलं असतं तर मी उत्तर देऊ शकले नसते. ‘रिकामी पिशवी’वर मात्र मी पान लिहू शकले. तुम्हाला ते कसं कळलं, मला माहीत नाही. तुमच्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत.

आता इथली खबर. जाताना तुम्ही पाटी माझ्या हातात दिलीत. शनिवार चुकलेला नाही. तुमची ओटी बंद म्हणून किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो, काका पोत्यांवर गोणपाट टाकून बैठक करतात. पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा नव्यानं यायला लागलेत. पत्ता नसलेल्या पत्रांवर त्यांनी वाचलेलं पान ऐकायला तुम्ही हव्या होतात. कॉलेजातली मुलगी आता डी.एड. करते आहे, आणि पाटी-खडूचा खेळ तिच्या सरावाच्या शाळेत चौथीच्या वर्गात सुरू करायचा तिचा बेत आहे. मी तिला तुमचे नियम लिहून दिलेत. शब्द निवडताना मी तुमच्यासारखीच बाजारातून एक फेरी मारून येते. मासळीबाजारात, सायकलच्या दुकानात, रेशनच्या रांगेत तो कुठेतरी असतोच.

दिवाळीच्या हस्तलिखिताचं काम सुरू झालंय. मराठीतला पहिला दिवाळी अंक 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी काढला, हे तुम्ही दरवर्षी पहिल्या पानावर लिहायला लावायचात. या वर्षीही लिहिलंय. अक्षर माझं आहे, मुखपृष्ठावर रिक्षावाल्या काकांच्या नातीनं परशुराम घाट काढलाय. तुमचं पान सगळ्यांत आधी लावायचं ठरलं आहे. तेवढं धनत्रयोदशीच्या आत पोस्टानं पाठवा. या आठवड्याचा शब्द ‘रांग’ आहे. बॉलपेननं लिहा.

तुमची,
चिपळूण-गुहागर गाडीची वाहक