बाई, ती उसाची मोळी तुम्ही घेतलीत

बाई,

सलाम. तुम्हा ख्रिस्ती लोकांकडे नमस्काराच्या जागी हा शब्द असतो हे मला नवव्या वर्षी कळलं. तेव्हापासून तुमच्यासाठी दुसरा शब्द तोंडात येत नाही. पत्र असं चारचौघांत लिहितेय, कारण घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही ‘चहा गार होतोय’ म्हणून विषय बदलता.

1998 चा जानेवारी. आमची ऊसतोडीची टोळी बीडकडची, फड सांगलीकडच्या वाळवा तालुक्यात. मायचं पोट तीन दिवस दुखत होतं, तरी ती मोळ्या वाहत होती. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. एक पडलं की दुसऱ्याचाही खाडा, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, तशीच अंगावर. चौथ्या दिवशी ती फडातच आडवी झाली. आधी नेलं त्या दवाखान्यानं डिपॉझिटशिवाय हात लावला नाही. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. माय वाचली, पण तिसऱ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फडावर परत जावं लागलं. मी आणि चार वर्षांचा धाकटा, दोघं वॉर्डाबाहेर पोत्यावर.

तुम्ही तेव्हा त्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या, तरी संध्याकाळची वॉर्डातली चक्कर सुटली नव्हती. आम्हाला बघून तुम्ही गोड काही बोलला नाहीत. “नखं दाखव,” म्हणालात. मग म्हणालात, “ऊठ, त्याला पण उठव.”

घरी नेलंत. मी सवयीनं उंबऱ्याबाहेरच बसले. “ताट तिकडे येत नसतं,” एवढंच तुम्ही आतून ओरडलात. टेबलावर तीन ताटं होती, तिन्ही सारखी. फडाकडे काय किंवा गावात काय, आमच्यासाठी वेगळी जर्मनची थाळी काढणारी घरं मी तोवर पुष्कळ पाहिली होती. त्या रात्री घेवड्याची भाजी होती. (उवांसाठी तुम्ही जे काही डोक्याला चोळलंत त्याचा वास मात्र मी अजून माफ केलेला नाही.)

आम्ही तुमच्याकडे तेवीस दिवस राहिलो. आजीला मुकादमानं निरोप धाडला होता की मिशनवाले पोरं बाटवतील. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही हसलात. रविवारी उपासनेला निघताना म्हणालात, “यायचं तर या, नाही तर अंगणात खेळा. जेवण दोन्हीकडे तेच.” ऑपरेशनच्या वेळी काढलेलं मायचं डोरलं तुम्ही रुमालात बांधून ठेवलं होतं, परत देताना मणी मोजून घ्यायला लावलेत. आणि कपाळ मोकळं म्हणून ती रडत होती, तेव्हा शेजारणीकडून कुंकवाचा करंडा मागून आणलात. तुम्ही स्वतः कधी कुंकू लावलं नाहीत.

पण आभार खरे दुसऱ्याच गोष्टीचे मानायचेत. पहिल्या रविवारी दादा उसाची मोळी खांद्यावर घेऊन आले. दारात उभे राहिले, खाली बघत. मला वाटलं, तुम्ही ‘अहो, कशाला’ म्हणणार. तुम्ही मोळीकडे पाहिलंत आणि म्हणालात, “एवढाच? पुढच्या रविवारी दोन आणा.” दादांची मान तेव्हा वर आली. त्यांच्याच कोयत्यानं व्हरांड्यात कांड्या केल्या आणि तुम्ही वॉर्डात वाटत सुटलात, “बारा नंबरच्या मालकांनी आणलाय.” बारा नंबर ही मायची खाट. तोवर त्या वॉर्डात सगळे आम्हाला देत होते. त्या दिवशी आम्ही दिलं.

हे तुम्हाला कसं सुचलं, हे मला फार उशिरा समजलं. तुमची आजी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंबरोबर केडगावला आलेल्या मुलींपैकी, तीही नऊ वर्षांची. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांतच गेलेले. उपाशी पोराकडे कसं बघायचं ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींना नुसतं जेवू घातलं नाही, हाताला कामही दिलं. तुमची आजी तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायची. “तिला कुणी बिचारी म्हणलेलं खपायचं नाही,” हे तुम्ही दर नाताळला सांगता. बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात परक्याला घरात घेतल्याचं आहे, तेही तुम्हीच वाचून दाखवलंत. त्या परक्याच्या हातात उसाची मोळी होती की नाही, ते काही तिथं लिहिलेलं नाही.

माय आता गावीच असते. मी बारावीनंतर नर्सिंग केलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. फॉर्मवर सही तुमचीच आहे. वॉर्डाबाहेर कुणाची पोरं पोत्यावर दिसली की मी पण आधी नखंच बघते.

डोळ्यांमुळे हे तुमची भाची वाचून दाखवेल. नाताळच्या आधल्या दिवशी येते. दात राहिले नाहीत म्हणे, म्हणून ऊस नाही, काकवी आणतेय. दोन बरण्या.

तुमची,
बारा नंबरची पोरगी